चढावर दमणारी गाडी

“डॉक्टर, तुम्ही घरी जा. दोनातला कुठला बसेल ते संध्याकाळी सांगतो,” मिस्त्रीने तिसऱ्यांदा सांगून पाहिलं.

डॉक्टर हलले नाहीत. आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटलेला माणूस, चिकाटी दांडगी. समोर टेबलावर दोन मॅनिफोल्ड पडले होते. इंजिनाला हवा-पेट्रोल पोचवणारा गाडीचा मूळ मॅनिफोल्ड तडकला होता, आणि इतक्या जुन्या गाडीचा तो भाग कंपनी आता बनवत नव्हती. डॉक्टरांनी खटपट करून बाहेरच्या बनावटीचे हे दोन पैदा केले. त्यांच्यावर ना नाव, ना नंबर. एकाच्या वाटा अरुंद, दुसऱ्याच्या चांगल्या ऐसपैस.

“जुनी पॅकिंगं काढा आणि भोकं जुळवून बघा,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हीच शिकवलंत मला.”

शिकवलं तेच अंगाशी आलं. मिस्त्री पाना घेऊन बॉनेटखाली वाकला. कंबर बोलायला लागली. या गाडीला तो पुरता कंटाळला होता. वीस वर्षं दर सर्व्हिसिंगला डॉक्टरांचं एकच रडगाणं, चढावर गाडी दमते. आणि दर वेळी त्याची नवी थाप. पेट्रोल भेसळीचं आहे, टायर बदला, गाडीचं वय झालं.

खरं कारण कार्बोरेटरखाली दडलं होतं. वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी भरधाव गाडी वळणावर उलटवली. बायको-मुलं आत होती. सगळे वाचले ते नशीब. पुढच्या आठवड्यात वहिनी एकट्याच गॅरेजवर आल्या. म्हणाल्या, “भाऊ, गाडीचा जोर कमी करा. आणि यांना पत्ता लागू देऊ नका.”

मिस्त्रीने कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे लहान भोकाची पत्र्याची चकती बसवली. हवा कमी, जोर कमी. डॉक्टर त्याला सख्ख्या भावासारखे, आणि त्यांच्याशीच ही लबाडी. त्याला स्वतःची लाज वाटायची. वहिनी जाऊन आता पाच महिने झाले होते. खोटं निस्तरायला तो एकटाच उरला होता.

नट सुटले. कार्बोरेटर वर आला आणि पॅकिंगला चिकटून ती काळीकुट्ट चकतीही आली.

नवी थाप रचायचं त्राण मिस्त्रीत उरलं नव्हतं.

“वहिनींनी सांगितलं होतं,” तो म्हणाला. “पण हात माझे. गाडी दुसरीकडे नेलीत तरी मी काही म्हणणार नाही.”

डॉक्टरांनी चकती रुमालाने पुसली. “पहिल्याच महिन्यात उघडून बघितलं होतं मी. दाढेतली कीड शोधणाऱ्याला एवढा पत्रा दिसणार नाही होय?”

“मग काढला का नाहीत?”

“गाडीत ती दाराचं हँडल घट्ट धरून बसायची. जोर कमी झाल्यावर बिनघोर झोपायला लागली.” त्यांनी अरुंद वाटांचा मॅनिफोल्ड मिस्त्रीपुढे सरकवला. “हा बसवा.”

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. सुटल्यासारखं वाटलं, आणि मागोमाग रागही आला.

“मग वीस वर्षं माझं डोकं का खाल्लंत? चढावर दमते, चढावर दमते!”

“तुम्हाला कुठे सांगत होतो, मिस्त्री? शेजारी ती उभी असायची ना.”