दोन सिटांची गाडी

शनिवारी सकाळी दहाला ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या रेवीच्या दारात सात सिटांची पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून चार माणसं उतरली. निशिगंधाला खरं तर एकटीनंच यायचं होतं. पण आपल्याकडे साधी चादर घ्यायलासुद्धा तिघं जातात, मग गाडी बघायला नवरा, सासरे, सासूबाई नकोत होय? रेवीनं चौघांकडे पाहिलं, माओरी नमस्कार म्हणून "किया ओरा" म्हणाला आणि आत जाऊन दोन खुर्च्या घेऊन आला.

विकायची गाडी लाल होती. सत्त्याण्णव सालची, जपानहून आलेली, बुटकी, दोनच सिटांची. बसस्टॉपवरून रेस्टहोममधल्या म्हाताऱ्यांच्या ड्युटीवर चालत जाताना निशिगंधा तीन आठवडे ती बघत होती. एक दिवस काचेवरचा 'फॉर सेल'चा कागद दिसला नाही, तर ती गाडीभोवती शोधत फिरली. कागद वाऱ्यानं खाली पडला होता. तिनं तो उचलून वायपरखाली खोचला आणि त्याच दुपारी रेवीला फोन लावला.

सासरे, यादवराव, एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. माउंट रॉस्किलच्या घरून निघतानाच त्यांनी सगळ्यांना तंबी दिली होती. "आवडली असं दाखवायचं नाही. नाक मुरडायचं. मी हातानं खूण केली की सरळ चालायला लागायचं. माणूस हाका मारत मागे येतो आणि भाव आपोआप उतरतो." त्याप्रमाणे नवऱ्यानं, सुयशनं, चेहरा पाडला. सासूबाईंनी, लताबाईंनी, खुर्चीत बसल्याबसल्या नाक मुरडलं. आणि निशिगंधा बॉनेटवर हात ठेवून हसत उभी राहिली.

"अगं, हात काढ तो," सुयश पुटपुटला. "आणि रोजची गाडी म्हणून हे खेळणं? अठ्ठावीस वर्षांचं? पार्ट कुठून आणशील? दर सहा महिन्यांनी वॉरंटच्या तपासणीला गेलीस की रडत येशील."

"येईन."

"त्यापेक्षा एखादी हायब्रिड घे ना. सगळ्यांची सोय होईल."

सगळ्यांची सोय ती अकरा वर्षं करतच होती. सुट्टी असली की आईंना देवळात सोड, बाबांना फिजिओकडे ने, सुयशला क्रिकेटहून आण. तिला फक्त मोटारवेवरून एकटीनं, खिडकी उघडी टाकून कामाला जायचं होतं. एवढं मागायलासुद्धा आपल्याला लाज वाटते, याचा तिला मनापासून राग आला.

यादवरावांनी बॉनेट उघडायला लावलं. ऑइलची पट्टी काढून वास घेतला, पुसली, परत घातली. गुडघ्याची पर्वा न करता खाली आडवे होऊन गाडीचं पोट बघितलं. मग उठले, हात झटकले आणि मख्ख चेहऱ्यानं खूण केली.

सुयश चालायला लागला. लताबाई उठल्या. दहा पावलं झाली, पंधरा झाली, रेवी काही हाक मारेना. "नो वरीज," एवढंच म्हणून त्यानं खुर्च्या मिटायला घेतल्या. अकराला दुसरं गिऱ्हाईक येणार होतं.

निशिगंधा जागची हललीच नव्हती. "मला चालवून बघायचीय," ती म्हणाली.

"थांब, आधी मी बघतो," म्हणत सुयश परत आला आणि किल्ली घेऊन आत बसला. गाडीनं दोनदा बेडकासारखी उडी मारली आणि दोन्ही वेळा बंद पडली. ऑकलंडला येऊन ऑटोमॅटिकवर शिकलेला गडी, क्लचशी त्याची गाठ पडणार कधी? फोरमन वडील समोरच्या कुंपणाकडे बघत राहिले.

मग ती बसली. शेजारी रेवी. किल्ली फिरवली तशी डॅशबोर्डमधून एक बाई जपानीत काहीतरी बोलली.

"वीस वर्षं रोज हेच बोलते," रेवी म्हणाला. "काय ते मला माहीत नाही. मी आपला येस म्हणतो."

"येस," निशिगंधा म्हणाली आणि पहिला गिअर टाकला. संगमनेरला वडिलांच्या दुधाच्या टेम्पोवर शिकलेला हात तो. कोपऱ्यावर दुसरा पडला, पुढे सरळ रस्त्याला तिसरा, आणि ती एकदम खदखदून हसली.

वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तिघं खुर्च्या पुन्हा उघडून वाट बघत होते.

"इंजिन सोन्यासारखं आहे," यादवराव तिच्या खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले.

"मग बाबा, निघायची खूण का केलीत?"

"अगं, पद्धत असते ती!"

तिनं रेवीला त्याचीच किंमत कबूल केली. एक डॉलरसुद्धा कमी करून न घेता. यादवरावांनी कपाळावर हात मारला. रेवीनं किल्ली तिच्या हातात ठेवली, सुयशकडे पाहिलंही नाही.

लताबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून आत पाहिलं, मागे काही उघडतं का तेही चाचपून पाहिलं.

"अगं, पण आम्ही बसायचं कुठे?"

"मोठी गाडी आहे की, आई. तुमचा मुलगा नेईल."

"आणि ही एक सीट रिकामी आहे ती?"

"तिथं माझी पर्स," निशिगंधा म्हणाली.