वरचा खिसा

“पिन कुणाच्या हातात होती?” चौकशी अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा दोघांनीही टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर कामाचं कार्ड होतं. शेपटीकडच्या पंख्याचा दांडा जोडणे, नट कसणे, नट सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवणे. खाली दोन सह्या. त्या सह्यांनंतर पाचव्या दिवशी तो नट हवेतच निघाला. हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं गरगरलं आणि वैमानिकाने ते कसंबसं एका नांगरलेल्या शेतात टेकवलं. जीव वाचला, पाठीचे दोन मणके गेले. बोल्टच्या भोकात पिनचा साधा ओरखडाही नव्हता. म्हणजे ती तुटली नव्हती. कधी घातलीच नव्हती.

“दोघांनी मिळून केलं, साहेब,” दाजी म्हणाले.

“नट मिळून कसता येतो. पिन मिळून घालता येत नाही.” अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावलं. “उद्या दहाला या. ज्याने घालायची होती त्याचा परवाना जाईल, दुसऱ्याला ताकीद मिळेल. कुणीच बोललं नाही, तर दोघांचेही परवाने जातील. ओळखपत्रं दाखवून जा.”

दाजींनी डब्याच्या पिशवीतून ओळखपत्र काढलं. खरं तर ते शेजारी बसलेल्या एकट्या मेहुण्याचे दाजी. पण तो कामाला लागला, हाका मारू लागला आणि महिन्याभरात अख्खा हँगर त्यांना दाजी म्हणू लागला. त्याआधी त्यांचं नाव होतं खुंटी. चष्मा गळ्यातल्या दोरीला, रुमाल बाहीत, पेन्सिल कानावर, घराची किल्ली बुटाच्या नाडीत. ‘माझी छत्रीपण लटकवा हो,’ असं पोरं चिडवायची. चोवीस वर्षांत त्यांच्या नोंदवहीत एक लाल शेरा नव्हता. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

मेहुण्याच्या परवान्याला अजून वर्षही झालं नव्हतं. आई गेल्यावर तो बहिणीच्या पदराखाली वाढला होता. आता खालच्याच मजल्यावर संसार थाटला होता, तरी कामाचे कपडे धुवायला वरच यायचे.

बाहेर व्हरांड्यात तो खिशात हात घालून उभा राहिला. खिशातल्या किल्ल्या वाजत होत्या.

“दाजी, मला खरंच आठवत नाही. मला वाटतं तुम्ही घेतली होती.”

“मला वाटतं तू.”

“झालं! म्हणजे दोघंही गेलो.”

“तसं दिसतंय खरं,” दाजी म्हणाले.

संध्याकाळी दाजी हात धुऊन स्वयंपाकघरात आले, तर बायकोने बटणांचा डबा टेबलावर उपडा केलेला. बटणांच्या ढिगातून तिने केसांच्या आकड्याएवढी एक पिन वेगळी काढली आणि त्यांच्यासमोर सरकवली.

“ही तुमच्या कामाच्या बॉयलर सूटमध्ये सापडली.”

दाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पिनचे पाय सरळ होते. एकदाही न वाकवलेली, कोरी पिन.

“कधी?”

“दहा-बारा दिवस झाले. धुणं भिजवताना. मला काय माहीत काय असतं ते, टाकली डब्यात.” ती एकेक बटण परत डब्यात टाकू लागली. “तो आज इथे येऊन रडला हो. आपल्या पोरीला मांडीवर घेऊन रडला.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. त्याला आठवतच नाहीये.”

“कुठे सापडली म्हणालीस?”

“खिशात.” एक बटण घरंगळत खाली गेलं. ते शोधायला ती वाकली आणि टेबलाखालूनच म्हणाली, “वरच्या खिशात. तुमच्या.”

दाजींनी पिन उचलून बोटांत फिरवली.

“वरच्याच ना?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले. “वाढ आता.”

दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी पिन अधिकाऱ्यासमोर ठेवली.

“माझ्याकडे राहिली होती. वरच्या खिशात.”

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग मान वर केली. “तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं.”

“वैमानिकालाही वाटलं नसेल, साहेब.”

दाजींनी सही केली. मेहुण्याला ताकीद मिळाली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आठवड्याभराने रंग आला होता.

सामान जमा करायला तो दाजींबरोबर स्टोअरपर्यंत गेला. हत्यारांची पेटी त्यानेच उचलली, आणि पेटीबरोबर थोडा मोठेपणाही.

“मनाला लावून घेऊ नका, दाजी. वय झालं की होतं असं. पण पिन खिशात टाकायची म्हणजे… तुम्हीच ना आम्हाला शिकवलंत?”

“शिकवलं होतं खरं.”

स्टोअरवाल्या बाईंनी हत्यारं मोजली, यादीवर खुणा केल्या. दाजींनी घडी घातलेला बॉयलर सूट काउंटरवर ठेवला.

“खिसे बघावे लागतात हं, दाजी. नियम आहे. मागे एकाच्या खिशात अर्धी जिलेबी निघाली होती.”

“बघा ना.”

बाईंनी वरच्या खिशाची पट्टी उचलून बोटं घातली. बोटं आत जाईनात. त्यांनी दुसरा खिसा पाहिला, मग खालचे दोन. चारही खिशांची तोंडं जाड दोऱ्याने, बारीक टाक्यांनी शिवून बंद केलेली. दोऱ्याचा रंग धुऊन धुऊन कापडासारखाच झाला होता.

“हे कधी शिवलं?”

“सूट नवा आला तेव्हाच. माझा प्रत्येक सूट घरी आला की बायको आधी खिसे शिवते. यंत्रात काही पडायला नको.”

मागे वाजणाऱ्या किल्ल्या थांबल्या.

दाजींनी कानावरची पेन्सिल काढून मेहुण्याच्या कानावर ठेवली.

“आज घरी गेलास की तुझेही शिवून घे ताईकडून.”