वासाचा तास

"माझ्या वासाच्या तासाला दगडसुद्धा बोलायला लागतो," असं व्यवस्थापकांना सांगून मॅडमनी टेबलावरच्या खोक्यातली पहिली बाटली आजींच्या नाकाखाली धरली.

आजी बोलल्या. "वॉर्निश," म्हणाल्या.

मॅडमचं हसू जरा तिरकं झालं. पहिली बाटली कॉफीची. कायम कॉफीचीच. बाटल्यांवर नावं नसायची, कारण नावं दिसली की वृद्धाश्रमातले म्हातारे नाक बाजूला ठेवून चष्मा शोधतात.

"आजी, बाहेर सुतार खुर्च्या दुरुस्त करतोय, त्याचा वास येतोय तुम्हाला. बाटलीतला सांगा."

"बाटलीतलाच सांगतेय. बाहेर काहीही असो, आत वॉर्निशच. मी काय करू?"

मॅडमनी बाटली स्वतःच्या नाकाशी नेली, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. "आहाहा! काय घमघमाट आहे कॉफीचा!"

व्यवस्थापक नुसतेच शिंकले. आठवडाभर त्यांचं नाक चोंदलेलं होतं. "मॅडम, माझ्या नाकाचा आज काही उपयोग नाही. तुम्ही म्हणाल ते खरं." असं म्हणून ते बोटात किल्ली फिरवत बसले.

ती किल्ली वरच्या मजल्याची होती. त्या मजल्याचं दार बाहेरून बंद व्हायचं, आणि एकदा वर गेलेलं माणूस परत खाली राहायला आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आजींनी हल्ली नळ उघडा टाकून न्हाणीघराचं तळं केलं होतं, आणि व्यवस्थापकांना भर जेवणात "बाळ, शाळा सुटली का?" असं विचारलं होतं. म्हणून आज परीक्षा. तीन बाटल्या. एक जरी ओळखली तरी खाली. तिन्ही चुकल्या तर सामान वर.

बाहेर हातोडा ठकठक करत होता. आत कोणी खोकत होतं, कोणी खिडकी उघडा म्हणत होतं, कोणी उघडलेली खिडकी लावा म्हणत होतं. एका आजोबांनी डोकं दुखतंय म्हणून उठायला घेतलं, त्यांना परत बसवलं. मग त्यांच्या शेजारचे उठले.

"बघा, कशी जाग आलीय सगळ्यांना!" मॅडम म्हणाल्या. "संवेदना चाळवल्या की अशी चुळबूळ होतेच."

आजींच्या बाजूला कंडक्टर आजोबा बसले होते. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, आता डोळे गेले. रोज सकाळी आजी त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, आणि ते प्रत्येक बातमीवर "थापा!" म्हणायचे. आजी वर गेल्या तर थापा कोणाच्या ऐकायच्या, या विचाराने ते रात्रभर कूस बदलत होते.

ते आजींच्या कानाशी लागले. "अहो, दुसरी बाटली लवंगेच्या तेलाची. कायम तीच असते. म्हणून टाका लवंग."

"वास आला तर म्हणेन."

"वासाचं घेऊन काय बसलात! आधी सीट धरा."

"कंडक्टर, पुढे चला," व्यवस्थापक ओरडले. "परीक्षेत कुजबुज नको."

दुसरी बाटली आली. आजींनी हुंगली. नाक मुरडलं. पुन्हा हुंगली. कंडक्टर आजोबांनी पायाने त्यांचा पाय दाबला.

"टर्पेंटाइन," आजी म्हणाल्या.

कंडक्टर आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला.

मॅडमनी पुन्हा हुंगलं, पुन्हा आहाहा केलं आणि व्यवस्थापकांकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "यजमान सुतार असणार यांचे. या वयात जुन्या आठवणी अशा नाकातून वर येतात."

"यजमान पोस्टात होते," आजी म्हणाल्या. त्यांचे कान शाबूत होते. "आणि घरात खिळा मीच ठोकायचे."

तिसरी बाटली उघडली तशी आजींनी मान मागे घेतली. "हे सोल्यूशन आहे. चिकटवायचं. लांब धरा, बाई."

"निलगिरीचं तेल, आजी! निलगिरीचं!" मॅडमना खरंच वाईट वाटलं. मोठा श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "डोकं कसं मोकळं झालं! साहेब, तुमच्या सर्दीवर हाच उपाय. आणा तो रुमाल."

रुमालावर सढळ हाताने बाटली उपडी केली. व्यवस्थापकांनी तो नाकावर, मिशीवर घट्ट दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने किल्ली वर केली.

"मी पण जातो वर," कंडक्टर आजोबा उठून उभे राहिले. "मला पण काही ओळखता येत नाही. विचारा हवं तर."

"बसा हो तुम्ही," आजी म्हणाल्या. "पेपर कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि चांगल्या माणसाला थापाड्या म्हणू नका."

तेवढ्यात सुतार दारात आला. त्याच्या हातात दवाखान्याच्या जुन्या औषधांचा पुठ्ठ्याचा खोका होता. मॅडमच्या टेबलावर होता तसाच, आत तशाच बिननावाच्या तपकिरी बाटल्या.

"मॅडम, खोक्यांची अदलाबदल झाली वाटतं. मघापासून खुर्चीच्या पायाला तेल लावतोय मी. पाय काही चिकटेना, पण खुर्चीला वास काय सुरेख येतोय, लवंगेचा आणि निलगिरीचा!"

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"पण मॅडम," कंडक्टर आजोबा म्हणाले, "तुम्ही तर प्रत्येक बाटली हुंगलीत!"

मॅडमनी तिन्ही बाटल्यांना बुचं लावली. "हुंगते की," त्या म्हणाल्या. "पण मागे मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून मला कसला वासच येत नाही हो."

व्यवस्थापकांना यावर काहीतरी बोलायचं होतं, पण रुमाल तोंडावरून निघेना. सुताराने रुमाल ओढून पाहिला, तेव्हा अर्धी मिशी रुमालाबरोबर आली.