बिनआवाजाचा चाकू

हडपसरच्या कारखान्यात वॉरंटीच्या टेबलावर बसणाऱ्या उत्कर्षाने तो घडीचा चाकू लगेच ओळखला. पातं उघडताना 'खट्' असा आवाज येऊ नये म्हणून बिजागरीतल्या बारीक छऱ्यांवर तिनेच वर्षभर डोकं चालवलं होतं. जाहिरातही त्याच गुणाची होती: शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही.

चाकू घेऊन प्रेमलाबाई आल्या होत्या. तो त्यांच्या मुलाचा, सूरजचा.

उत्कर्षाने पातं दोन-तीनदा उघडून मिटलं. "काकू, ह्यात काहीच बिघाड नाही."

"आवाज होत नाही, हा बिघाडच ना?"

उत्कर्षाला हसू आलं. "अहो, त्यासाठीच तर लोक हा घेतात!"

"घेऊ देत. मला ह्याला आवाज बसवून द्या. चांगला मोठा."

"पण कशाला?"

"सूरजच्या मनगटावरचे टाके कालच निघाले. हा काढून घेतला, तर तो दुसरा आणेल. दिवसभर खोलीचं दार लावून बसतो. मी बाहेर दाराला कान लावून असते, बाई. मला ऐकू यायला हवं."