न्हाणीचं माप

"तुहा विश्वास बसनार नाही बाबनराव, पन या न्हाणीचं माप घ्याले खुद्द राजधानीतला इंजिनीअर आला होता." मारोतरावांनी न्हाणीच्या टिनाच्या दारावर थाप मारली.

"राजधानीतला? मध्य प्रांताची राजधानी तर आपलं नागपूरच आहे."

"म्हनून तर पायीच आला."

बाबनराव सुतळी घेऊन आला होता. त्यालाही घरी न्हाणी बांधायची होती आणि त्याला फक्त लांबी-रुंदी हवी होती. पण कोष्ट्यांच्या त्या गल्लीत मारोतरावांकडून नुसती लांबी-रुंदी आजवर कोणाला मिळाली नव्हती. पलीकडे त्यांची बायको मैनाबाई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं मानही वर केली नाही.

न्हाणीची गोष्ट सुरू झाली सुनेच्या तापापासून. सुहासिनी नवी सून. परसात पोत्याच्या आडोशाला आंघोळ करायची. पुरुष माणसं मागच्या खोलीत मागावर बसलेली, आणि घरात जायची वाट त्याच खोलीतून. म्हणून ती ओल्या लुगड्यानं आडोशातच कुडकुडत उभी राहायची. दिवाळीनंतर तापानं फणफणली आणि माहेरी उमरेडला गेली. तिच्या वडिलांचा, चंपतरावांचा, निरोप आला: आधी न्हाणी बांधा, मंग पोरीले न्या.

मारोतरावांच्या हाती नव्वद रुपये होते, आणि परसात तीन हात जागा. तिच्यापुढं लगेच नाली. त्यांनी माप स्वतः घेतलं. पाटावर बसले, रिकामा तांब्या डोक्यावर उलटा केला, कोपर जिथवर गेलं तिथवर खडूची रेघ ओढली. तीन हात लांब, तीन हात रुंद. विटा पडक्या भिंतीच्या, फरशी फुटक्या तुकड्यांची, दार जुन्या टिनाचं. उतार मात्र असा साधला, की पाणी बादलीतून निघायच्या आधीच नालीत पोचायचं. निदान मारोतराव तरी असंच सांगत.

सून आली. पहिल्या दिवशी न्हाणीत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. आली तेव्हा अंगावर तेच ओलं लुगडं, आणि कोरडं छातीशी धरलेलं. सासऱ्याच्या आणि दिरांच्या समोरून मान खाली घालून पळत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तिनं बोचकं बांधायला घेतलं.

"आता काय हिले राजवाडा पाहिजे?" मारोतराव कडाडले. "मी सोता बसून पाह्यलं. कोपर कुठीच लागत नाही!"

तेव्हा मैनाबाई एवढंच बोलली होती, "तुमी पंचा गुंडाळून बाहेर येता, धोतर अंगनात नेसता. तिनं अठरा हात लुगडं कुठं नेसावं?"

मारोतराव परसात जाऊन पुन्हा मोजू लागले. जागा वाढवायची तर परसात वाढत नव्हती. भिंत आत, मागाच्या खोलीत सरकवावी लागणार होती. आणि त्या भिंतीला लागूनच त्यांच्या बापाचा माग होता. हात-दीड हातानं भागलं असतं, तर माग थोडा ओढून वाचला असता. त्याहून जास्त लागली, तर माग काढावाच लागणार होता.

"पन नेमकी जागा लागते किती, हे इचारू कोनाले?" मारोतराव बाबनरावला म्हणाले. "बायकोपुढं तोंड उघडाची सोय राह्यली नव्हती. अन सुनेले सासऱ्यानं हे इचारावं का गा? म्हनून इंजिनीअर बोलावला. मिशा अशा, की त्या उचलाले दोन चपराशी संगं."

"फूटपट्टी आनली असन त्यानं?"

"नाव नको घेऊ. म्हने, घरातलं एक लुगडं द्या. लुगडं घेऊन आत गेला अन कडी लावली. अर्धा घंटा नुसते आवाज. इकडं कोपर आपटे, तिकडं गुडघा. भिंत हालून राह्यली होती. बाहेर आला तं घामाघूम. म्हने, मारोतराव, अडीच हात आत घ्या. बोटभरही कमी चालनार नाही."

"मंग?"

"मंग काय. बापाचा माग होता. खोलला." मारोतरावांनी दाराची कडी उगाच एकदा लावून काढली. "सून तं तेव्हापासून माहेराचं नाव काढत नाही. पोळ्याले जा म्हनलं तरी नाही म्हनते."

बाबनरावनं सुतळी ताणली. तीन हात रुंद, साडेपाच हात लांब. दोन्हीकडं गाठी मारल्या. पण त्याचं समाधान झालं नाही.

"माह्या घरची जागा वाकडी आहे, मारोतराव. ह्या मापानं भागन का नाही, कोन जाने. त्या इंजिनीअरचं नाव तं सांगा. मी बी बोलावतो त्याले."

मारोतरावांनी टिनाच्या दाराकडं पाहिलं, मग आढ्याकडं. नाव काही आठवेना.

चरखा थांबला.

"बोलवा ना भाऊ, लांब जावं नाही लागनार," मैनाबाई म्हणाली. "माह्यं हिरवं लुगडं घेऊन त्या दिवशी हेच आत गेले होते. मी परसात होती, टिनाच्या फटीतून सारं दिसलं. चाळीस वर्सं लुगडे विनले यांनी. नेसून पाह्यलं ते त्याच दिवशी."