हरकतीची खिडकी

"हरकतीची खिडकी कधीच बंद झाली, काकू," तालुका कचेरीतला कारकून नितळे समजुतीच्या सुरात म्हणाला. "राज्यकारभार आता यंत्र चालवतं. ते चुकतच नाही, मग हरकत कशावर घेणार?"

द्वारकाबाई खरातांच्या हातात गाव उठवण्याचा हुकूम होता. नव्या जागी पाणी, दवाखाना, शाळा, सगळं मिळणार होतं. हुकूम बरोबरही असेल. पण गावात कुणाला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"तुम्ही चिडणार हे यंत्राला ठाऊक होतं," नितळेनं कप पुढे सरकवला. "म्हणून त्यानं तुमचा बिनसाखरेचा चहा आधीच सांगून ठेवला."

द्वारकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तो चहा त्याच्या टेबलावर उपडा केला.

"माझा नवरा सरपंच होता. एक नंबरचा लबाड! घरात त्याच्यापुढे माझं कधी काही चाललं नाही. पण मतदानाच्या दिवशी मी त्याच्याविरुद्ध बटण दाबलं, आणि साऱ्या गावानं मिळून त्याला पाडला. तुझं यंत्र देवमाणूस असेल रे. पण त्याला पाडायचं कसं, तेवढं सांग."