मागे वळून न पाहता

"आता पाठ कर," सायोको म्हणाली आणि कागदाची बाहुली मिवाच्या मानेपासून टाचांपर्यंत फिरवली. नऊ वर्षांची पोर, पण बरगड्या मोजून घ्याव्यात.

"गुदगुल्या होतात गं आई."

"होऊ देत. फुंकर मार. सगळं दुखणं तिच्यात जाऊ दे."

मिवाने फुंकर मारली. मार्चच्या तीन तारखेला गावातल्या घरोघरच्या आया पोरींचं आजारपण असं बाहुलीत उतरवून नदीत सोडत. बाकीच्या पोरी मग वर्षभर उंडारायच्या. मिवाला मात्र तीन वर्षं दर एप्रिलात ताप भरायचा. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणखी एक ताप हिला झेपणार नाही, एवढंच ते म्हणाले.

"कागद हलका वापरत असशील," सासू हात्सुए दारातून म्हणाली.

"चांगला तुतीच्या सालीचा आहे, सासूबाई."

"मग नदीवर मागे वळून पाहिलं असशील. एवढं साधं पाळता येत नाही हल्लीच्या बायकांना."

 सायोकोने कधीच मागे पाहिलं नव्हतं. बाहुलीच्या लाल किमोनोची शेवटची घडी तिने नखाने दाबली. एरवी या कामात तिचा जीव रमायचा. आज तीच घडी तिने तीनदा तपासली.

गवताच्या होडग्यात बाहुली ठेवून तिने ती प्रवाहात सोडली. सगळ्या बायकांबरोबर मान खाली घालून ती तडक घरी आली. मिवा मागून रमतगमत आली, बाह्या भिजवून.

"पाण्यात कशाला खेळलीस? ताप आणायचाय का?"

पण ताप आला नाही. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये मिवाने भाताची दुसरी वाटी मागून घेतली, तेव्हा हात्सुएच्या डोळ्यांत पाणी आलं. "उगाच बोलले गं तुला," ती सुनेला म्हणाली. मिवाची पाळण्यातली धाकटी बहीण नाओ तेवढी किरकिरायची, दूध ओकायची. दात येत असतील म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

सायोकोचं मन कसं हलकं झालं होतं. उरलेला लाल कागद तिने मांडीवर घेतला. "पुढच्या वर्षी तुझी बाहुली याहून सुंदर करू."

"मला नकोत आता बाहुल्या. मी मोठी झाले."

"नकोत म्हणजे? तुझी तर एकच असते."

मिवा जरा घुटमळली. "खालच्या वळणावर लव्हाळ्यात अडकतात गं त्या. सगळ्या गावाच्या. भिजतात बिचाऱ्या. तुम्ही कोणी मागे बघत नाही, तेवढ्यात मी गोळा करायचे. दर वर्षी वाळवून माझ्या गादीखाली ठेवायचे."

सायोकोच्या हातातला कागद चुरगळला. "कुठे आहेत त्या?"

"रागावू नकोस ना. या वर्षी मी एकसुद्धा ठेवली नाही," मिवा म्हणाली. "जुन्या-नव्या सगळ्या नाओच्या पाळण्यात घातल्या, दुपट्याखाली."